लीलाची बेस गिटार वाजवायला माणूस पाहिजे

ढोलकीच्या मागं, खांद्याला लांब मानेची गिटार अडकवून, खाली बघत उभ्या असलेल्या माणसाचं नाव तुम्ही कधी विचारलंय का? गाणाऱ्यांचं विचारता. ढोलकीवाल्याला तर चहा पाजून विचारता. मी गाणारी आहे, गाणी लिहिणारीही आहे, म्हणून आमच्या कलापथकात माझं नाव बोरीपासून पोखर्णीपर्यंत लोकांना माहीत आहे. पण इतकी वर्षं माझ्या मागं उभी राहून बेस वाजवणारी शिवलीला, आमची लीला, गेली तेव्हा आमचे कार्यक्रम न चुकवणाऱ्या लोकांनीच मला विचारलं, कोण लीला? मला राग आला. पण त्या रागाखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती झाकून लिहायचं तर न लिहिलेलं बरं. मला लीलाचा हेवा वाटायचा. ती गेल्यावरही तो कमी झालेला नाही.

बातमी आली तेव्हा मी परभणीत छापखान्यात एका सभेच्या पत्रकाचं मुद्रित तपासत होते. फोन दिगंबरदादांचा होता. दादा आमच्या पथकाचे ढोलकीवाले आणि कारभारीही. ते एवढंच म्हणाले, "लीली गेली गं..." आणि नंतर नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. डेंग्यूचा ताप होता, उतरायला लागलाय असं आदल्या दिवशीच कळलं होतं. मी हातातलं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, चुकलेली एक वेलांटी दुरुस्त केली, छापखानेवाल्याला म्हणाले, छापा, आणि झरीची गाडी धरली. तिच्या घरच्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला बसवून माती दिली. पाठ ताठ, मान ताठ. माझ्या मनात आलं, ही अशी ताठ कधीच नसायची... गिटार हातात घेतली की ती तिच्यावर वाकायची, तान्ह्या पोरावर बाई वाकते तशी.

माझे बाबा हमालांच्या संघटनेत होते. आमच्या घरात लोकांच्या घरी धान्याची पोती असतात तसे पत्रकांचे गठ्ठे असायचे. 'बंधूंनो आणि भगिनींनो' या दोन शब्दांवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळं नीट मांडलेला शब्द माणसाला हलवतो यावर माझी श्रद्धा होती आणि आहे. लीलाचं घर झरीचं, किराणा दुकानाचं. तिचे वडील असेपर्यंत दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला मृदंग वाजवायचे, आणि ही लहानपणापासून म्हणे शब्दांकडे लक्षच द्यायची नाही. मृदंगाची डावी बाजू, जिथून तो खोल घुमणारा आवाज येतो, तेवढीच ऐकत बसायची. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रातल्या माणसानं वाजवणं सोडलं तेव्हा त्याची चार तारांची जुनी बेस गिटार तिनं घेतली. काळी, जड, आणि तारा मानेपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटं सुजायची. तिला पिशवीसुद्धा नव्हती. लीलाच्या आईनं, रत्नाकाकूंनी, दुकानातली तूरडाळीची पोती उसवून एक लांब पिशवी शिवून दिली. पथकात ती पहिल्यांदा आली तेव्हा दादांनी त्या पिशवीकडे बघून विचारलं, "हे काय आणलंस, डाळ का वाद्य?" ती म्हणाली, "दादा, शिजवून बघा मंग कळंल."

कळलं ते बोरीला. मी लिहिलेलं, पाण्याच्या टँकरवरचं नवं गाणं होतं. शब्दांवर मी फार मेहनत घेतली होती. पहिलं कडवं झालं आणि लीलाच्या गिटारीचा आवाज ज्यातून यायचा त्या बॉक्सची वायर कुठं तरी निसटली. मी गातच होते, ढोलकी चालूच होती, एक शब्दही कमी झाला नव्हता. पण समोरच्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या. पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आगं, गाणं पोकळच झालं की." कुणी मागं वळून बघितलं नाही, कुणाला काय गेलं ते सांगता आलं नसतं. लीलानं खाली बसून वायर जोडली, पहिला ठोका पडला, आणि म्हातारीची मान आपोआप हलायला लागली. माझ्या शब्दांनी हलली नव्हती... मी माईक धरून उभी होते, सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि मला माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईचा असा हेवा वाटला की दुसरं कडवं कसं म्हटलं ते आठवत नाही. मी लोकांना पटवून द्यायला उभी राहते. ती परवानगी न घेता त्यांच्या छातीत शिरायची.

त्या गिटारीची ती जी निगा ठेवायची, त्याचाही मला हेवा वाटायचा. कार्यक्रम संपला की आम्ही चहाकडे धावायचो, ती आधी प्रत्येक तार सुती कापडानं पुसायची. घामानं तारा मरतात, म्हणायची. बेसच्या जाड तारा परभणीत मिळत नाहीत, हैदराबादहून मागवाव्या लागतात, म्हणून जुन्या तारा उतरवून, वेटोळं करून ती पातेल्यात उकळायची. मळ निघतो आणि काही आठवडे आवाज पुन्हा टणटणीत होतो. एकदा मी झरीला गेले तर गॅसवर हाच स्वयंपाक. काकू दारातून म्हणाल्या, "आगं, तारांची आमटी करायलीस का? त्या पातेल्यात मी चहा करते."

"आई, उकळू दे. मला चव न्हाई पाह्यजे, आवाज पाह्यजे."

"मला चव पाह्यजे ना पर."

दोघी हसल्या. मी कोपऱ्यात बसून होते, आणि त्या घरात त्या गिटारीला जी जागा होती ती मला कुठल्याच घरात नव्हती असं वाटत होतं. उन्हाळ्यात परभणीच्या उन्हानं लाकूड वाकतं, तेव्हा मानेत घातलेला लोखंडी गज ती सायकलवाल्याकडच्या चावीनं थोडा थोडा पिळायची, वाजवून बघायची, पुन्हा पिळायची. मी हात लावायला गेले की म्हणायची, "पत्रकबाई, हात शाईचे हायत तुहे." पत्रकबाई हे मला तिनं ठेवलेलं नाव. इतर कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

भांडण झालं ते पाच तारांच्या गिटारीवरून. जुनीत तिचं भागेना. लग्नाच्या हंगामात ती एका ऑर्केस्ट्रात वाजवायला लागली आणि त्या कमाईतून नवी घ्यायची म्हणाली. मला दोन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. मी म्हणाले, हुंड्याच्या लग्नात वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी हुंड्याच्या विरोधातल्या गाण्याला उभं राहायचं, हे कसं? ती शांतपणे म्हणाली, "तुहं गाणं ऐकायला येतेत ते आधीच तुह्या बाजूचे हायत. लग्नातले न्हाईत. त्यायच्यात जाऊन कुणी उभं ऱ्हायचं?" याला माझ्याकडे उत्तर होतं, ते मी लेखी दिलं. चळवळीला हलगी पुरते, महागड्या वाद्यांचा हव्यास हा बाजारानं लावलेला रोग आहे, असं अर्ध्या पानाचं पत्रक काढून मी तालमीच्या खोलीत चिकटवलं. लिहिलं ते मी आजही खोटं मानत नाही. पण खरं हेही आहे, की ऑर्केस्ट्रातल्या लोकांबरोबर ती आमच्यापेक्षा जास्त हसते असं कुणी तरी सांगितलं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. लीलानं पत्रक सावकाश वाचलं. "भाषा चांगली हाय," म्हणाली.

नवी गिटार आली, तपकिरी, पाच तारांची. तिच्याही तारा जरा उंचच होत्या. लीलानं मान धडाला जोडणारे चार स्क्रू काढले, भिंतीवरचं माझं पत्रक फाडलं, त्याची बारीक घडी करून मानेच्या खोबणीत बसवली आणि स्क्रू पुन्हा पिळले. घडीमुळं मान केसभर मागं कलली, तारा खाली आल्या. तिनं वाजवून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुहं पत्रक पहिल्यांदा कामाला आलं बघ." सगळे हसले, दादांना तर ठसका लागला. मी आठवडाभर बोलले नाही. मग पोखर्णीच्या कार्यक्रमात तिनं ती नवी, सगळ्यात जाड, पाचवी तार वाजवली. शेजारच्या गोठ्यावरचे पत्रे थरथरले, एक बैल उठून उभा राहिला. हलगीनं असं होत नाही. मी मान्य केलं नाही, पण पुढची सगळी गाणी मी त्या तारेला जागा ठेवून लिहिली. तिला ते कळलं होतं.

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा मी आणि दादा बरोबरच गेलो होतो. आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, "दादा, तारा थोड्या ढिल्या करून ठेवा. पत्र्याखाली लय तापतंय." मी अगदी उशाशी उभी होते, हात स्वच्छ होते, आणि तिनं दादांना सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तू नवं गाणं लिही. लांबलचक नको." मी बरं म्हटलं. बाहेर आल्यावर दादा डोळे पुसत होते आणि मी आतल्या आत धुमसत होते, की तारांचं काम त्यांना का...

तालमीच्या खोलीत शोकसभा झाली. टेबलावर लीलाचा फोटो, शेजारी खुर्चीत ती पाच तारांची गिटार उभी केलेली, आणि तिच्या गळ्यात झेंडूचा ओला, पाणी ठिबकणारा हार. तारांवर हळदकुंकू. पिकअपवर, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकांवर, उदबत्तीची राख पडत होती. आपण माणूस गेला की त्याच्या कामाच्या वस्तूला देव करतो आणि तिचं काम बंद करतो. मी उठले आणि हार काढला. खोलीत कुजबुज झाली. दादा तापले, "लेकराला हार तरी घालू दे की. इथं बी तुह्यं पत्रक चालू का?" मी म्हणाले, दादा, हारातल्या पाण्यानं तारा गंजतात, तिनं आयुष्यभर घाम लागू दिला नाही. ते म्हणाले, "आता कोण वाजविणार हाय ती? आपल्या कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस काढतो. आपण भिंतीवर लावू, आठवण ऱ्हाईल." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात काकू उठल्या. पदरानं त्यांनी हळदकुंकू पुसलं, एकेक तार, लीला पुसायची तसं वरून खाली. मग मला म्हणाल्या, "तुला बी पाह्यजे होती न्हव ही? मंग शिकलीस कामून न्हाई?" सगळ्यांसमोर विचारलं. त्या दादांकडे वळल्या, "भिंतीला लावायची न्हाई. इकायची बी न्हाई. जो वाजविल त्याला द्यायची. आन माणूस हिनं हुडकायचा," आणि बोट माझ्याकडे.

तेव्हापासून मी हुडकते आहे. एक हॉटेलवाला येऊन गेला, त्याला ती काउंटरमागं शोभेला हवी होती. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, वाजवणारा नाही, पण मंचावर ठेवली तर वजन पडतं. दोघांनाही काकूंनी चहा पाजून परत पाठवलं. मधे मी स्वतः प्रयत्न केला. काकू समोर बसून बघत होत्या. माझी बोटं तार दाबतात, पण ठोका पडतो तिथं मी शब्द म्हणायला लागते आणि हात मागं राहतो. काकू म्हणाल्या, "तू गा. ते तुला जमतंय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

आमचे कार्यक्रम थांबलेले आहेत. कीबोर्डच्या डाव्या हातावर मी दोन ठिकाणी गाऊन बघितलं. बायका एकमेकींशी बोलत होत्या.

म्हणून या पुरवणीच्या वाचकांना माझी सरळ मागणी आहे. तुमच्यापैकी कुणी बेस वाजवत असेल, कधी काळी वाजवून सोडला असेल, किंवा शिकायची नुसती इच्छा असेल, तर झरीला या. रत्नाकाकूंचं किराणा दुकान कुणीही दाखवेल. बाई असा, पुरुष असा, कुठल्याही जातीचे, लग्नात वाजवणारे असलात तरी चालेल... हे शेवटचं लिहिताना मला जड गेलं, तरी लिहिते आहे. स्वतः येत नसाल तर ज्याला येतं त्याला हा कागद वाचून दाखवा. काकू गिटार तुमच्या हातात देतील आणि समोर बसतील. त्या तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतील, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलेलं नाही. मी दाराशी उभी असेन, आणि माझ्या तोंडावर तुम्हाला दिसेल की मला तुमचा हेवा वाटतो आहे. तिकडे लक्ष देऊ नका. वाजवा.