दुसरीची ओटी

हा अनुभव मी याआधी एकदा सांगितला आहे, आमच्या महिला मंडळाच्या सत्संगात, माईक हातात धरून. ऐकणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. पण तेव्हा मी अर्धाच सांगितला, आणि जो अर्धा सांगितला त्यातही मीठमसाला घातला. म्हणून आज पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले आहे. वाचून कोणी मला नावं ठेवली तर ठेवू देत, मी स्वतःला ठेवून ठेवून दमले.

आम्ही मूळचे नांदेडकडचे, पण सासऱ्यांच्या वेळेपासून हैदराबादेतच, नल्लकुंट्यात. आमचे हे एका खाजगी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. त्या वर्षी ऐन नवरात्रात उजव्या डोळ्यापुढेही अंधारी यायला लागली. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आतला पडदा सरकलाय, आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर हाही गेला म्हणून समजा. ऑपरेशनला लागणारे पैसे आमच्याकडे अर्धेच होते. मुलगा पुण्याला, त्यानं नुकताच फ्लॅट घेतलेला, हप्त्यांनी मेटाकुटीला आलेला. त्याच्याकडे मागायची मला लाज वाटत होती. खरं म्हणजे लाज नव्हे, माज होता. पोरानं कधी आपल्याला पैसे मागताना पाहू नये, एवढाच तो माज.

अंबरपेठेकडे रेणुकामातेचं एक लहानसं देऊळ आहे. आपली माणसं तिला माहूरची रेणुका म्हणतात, तेलुगू बायका एल्लम्मा म्हणतात. अष्टमीला सकाळीच मी तिची ओटी भरायला गेले. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं रीतसर. रांगेत उभी होते तेव्हा मनात भक्ती कसली, नुसता राग होता. तीस वर्षं तुझे उपास केले, आणि एक डोळा घेऊन तुझं समाधान झालं नाही काय, असं मी तिला मनातल्या मनात फाडफाड बोलत होते. पायाशी पोचले आणि मात्र रडू फुटलं. आई, यांचा डोळा वाचव, पैशाचं काय ते तू बघ, असं म्हणाले आणि डोकं टेकवलं.

आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ओट्यांचा ढीग देवीच्या पायाशी साचतो, आणि पुजारी त्यातलीच एखादी उचलून प्रसाद म्हणून सवाष्णीच्या पदरात घालतो. ती कोणाची, हे कोणी विचारत नाही. पुजारीकाका आता म्हातारे झालेत, हात थरथरतो, त्या दिवशी गर्दीही मरणाची होती. त्यांनी हिरव्या खणात बांधलेली एक ओटी माझ्या पदरात टाकली आणि पुढच्या बाईकडे वळले. घरी येऊन मी स्वयंपाकघरात ती सोडली. तांदळाखाली रुमालाची एक घट्ट गाठ होती, आणि गाठीत पाचशेच्या नोटा.

मी तिथेच फरशीवर बसून त्या मोजल्या. देवीनं ऐकलं, एवढंच मनात आलं. सत्संगात मी सांगितलं होतं की रक्कम नेमकी लागत होती तेवढीच निघाली. ते खोटं. दहा हजार जास्तच होते. आई हिशेबात चुकत नाही म्हणायचं, तर हे दहा हजार मध्येच कुठे बसवायचे, म्हणून मी ते गाळून टाकले होते.

आणखी एक गोष्ट गाळली होती. ते पैसे तिथे कसे आले असतील, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच उमगलं होतं. नवं काही घेतलं, मोठा व्यवहार करायचा झाला, की आपल्या बायका ते आधी देवीच्या पायाला लावून आणतात. दागिना असो, कागदपत्रं असोत, पहिला पगार असो. मुलाच्या फ्लॅटचे कागद मीच तसे लावून आणले होते. म्हणजे कोणीतरी बिचारीनं आपली पुंजी खणात गुंडाळून क्षणभर पायाशी ठेवली, परत घ्यायची म्हणून, आणि काकांनी ती उचलून मला दिली. लहान पोराला कळावं इतकं हे उघड होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि मी तर असलेली अक्कल गुंडाळून ठेवली.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. संध्याकाळी देवळात गेले. कोणी काही हरवलं म्हणून आलं होतं का, हे मी काकांना विचारलं. पण विचारलं कधी, तर आरती रंगात आली असताना, ढोल आणि घंटा एकदमच चालू होत्या तेव्हा. त्यांनी नंतर म्हणून हात हलवला. मी तोच नकार धरला, नमस्कार केला आणि पंधरा मिनिटांत घरी परत आले. रस्ताभर स्वतःला बजावत होते की मी विचारलं, मी माझं कर्तव्य केलं. यांना सांगितलं, माझ्या भावानं नांदेडहून पैसे पाठवले. चार दिवसांत ऑपरेशन झालं आणि डोळा वाचला.

आता यादम्माचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी ती चूल मांडून ज्वारीच्या रोट्या भाजायला बसते. अर्धी गल्ली तिच्याकडून रोट्या नेते. तेलुगू बाई, पण आमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळे मराठी सगळं समजतं, आणि बोलते आपल्या हैदराबादी हिंदीत. ऑपरेशननंतर आठवड्यानं मी रोट्या आणायला गेले तर तिचा चेहरा उतरलेला. मी सहज विचारलं, आणि तिनं तव्यावरची नजर न काढता सगळं सांगितलं. रस्त्यावरून उठून एक छोटा गाळा घ्यायचा होता. त्याच्या ॲडव्हान्ससाठी चिट्टी, म्हणजे आपली भिशी, उचलली होती. अष्टमीला एल्लम्माच्या पायाला लावायला ते पैसे नेले, पाच प्रदक्षिणा घालून परत आली, तर पुजाऱ्यानं तिला तांदूळ-नारळाची दुसरीच ओटी दिली. पैसे गेले, गाळा दुसऱ्यानं घेतला.

इथवर ऐकलं तरी मी उभी राहू शकले. पुढचं जास्त वाईट होतं. यादम्माच्या मनानं घेतलं की अम्मा कोपली. का कोपली, तर नवी सून स्वरूपा त्या दिवशी बरोबर होती, आणि रांगेत असतानाच तिची पाळी आली होती. पोरीनं घरी आल्यावर ते सांगून टाकलं. झालं. विटाळाच्या अंगानं देवळात उभी राहिली म्हणून अम्मानं पैसे ओढून घेतले, पोरगी पांढऱ्या पायाची, मनहूस, असं ठरलं. यादम्मानं तिला जहीराबादेकडे माहेरी पोचवली, आणि पोरीचा नवरा गप्प बसला. हे सगळं ती मला सांगत होती, आणि मी रोट्यांचे पैसे तिच्या हातावर ठेवत म्हणाले, होतं असं कधीकधी. हे माझे शब्द. दुसऱ्या दिवसापासून मी रोज दोन रोट्या जास्त घ्यायला लागले. आम्ही दोघंच, त्या संपायच्या नाहीत. सकाळी गाईला घालत होते, आणि तेही पुण्यात धरत होते.

तेव्हाच पैसे परत का केले नाहीत, असं कोणी विचारील. खर्चून गेले होते, असं मी स्वतःला सांगत होते. मग आता खरंच सांगते. कपाटात माझ्या सोन्याच्या पाटल्या होत्या. सासूबाईंच्या, दोन्ही हातांच्या, भरीव. त्या ऑपरेशनच्या आधीही होत्या. पदर पसरून देवीपुढे रडले तेव्हाही त्या कपाटातच होत्या. त्यांना हात लावायचा विचारही मनात आला नव्हता, इतक्या त्या माझ्या होत्या.

मार्गशीर्षात मंडळाच्या सत्संगाला बायका म्हणाल्या, ताई, तुमचा अनुभव सांगा. कानोकान गेलंच होतं, कारण मीच कुजबुजले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझं उलटं झालं, मला सांगितल्याशिवाय राहवेना. मी सांगितला. हिरवा खण, रुमालाची गाठ, नेमकी तेवढीच रक्कम, सगळं. एक बाई म्हणाली, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, आणि सगळ्या हळव्या झाल्या. त्या दिवशी प्रसादाच्या जेवणाला रोट्या यादम्माकडून सांगितल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मी माईक खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. ती डोक्यावरची पाटी उतरवून चौकटीला टेकून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

ती आत आली. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरणार, आणि धराव्यात असंही वाटलं. ती अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो अम्मा नाराज नै थी मेरेपे?"

तिनं पैशांचं नाव काढलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुटका होती ती. दोन महिने ती बाई देवीच्या रागाखाली जगत होती, आणि तो राग देवीचा नव्हताच. तो माझ्या कपाटात होता. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, अम्मा नाराज नव्हती यादम्मा, पैसे माझ्याकडे आले होते, मी ठेवून घेतले. मघाशी डोळे पुसणाऱ्या बायका आता पानं मांडायला उठल्या, आणि त्या दिवशी माझ्या शेजारी जेवायला कोणी बसलं नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला विचारायचंस तरी. एवढ्या किमतीला मी नको म्हणालो असतो." त्यानंतर आजतागायत ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाटल्या विकल्या, यादम्माचे पैसे पै न पै परत केले. तिनं ते घेतले, पण गाळ्याचा भाव तोवर वाढलेला होता. ती अजून रस्त्यावरच बसते.

पैसे हातात घेतल्यावर तिनं एकच मागणं घातलं. म्हणाली, तुम्ही माझ्याबरोबर चला, सुनेला तुमच्या तोंडानं सांगा, माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही. आम्ही दोघी जहीराबादच्या बसनं गेलो. रस्ताभर यादम्मा खुशीत होती, सुनेसाठी बांगड्या घेतल्या होत्या. स्वरूपा दारातच उभी राहिली. वीस-एकवीसची पोर, कमरेला जुनी झालेली ओढणी गुंडाळलेली, कसलं तरी धान्य पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तुझा काही दोष नव्हता बाळा, देवीनं काही नेलं नव्हतं, पैसे मिळालेत, चल आता घरी, असं म्हणाले. मला वाटलं ती रडेल, सासूच्या गळ्यात पडेल, आणि माझं पाप धुतलं जाईल. हा हिशेबही मी बसमध्येच करून ठेवला होता.

तिनं सूप खाली ठेवलं, आम्हा दोघींना पाणी आणून दिलं. मग सासूकडे न बघता मला विचारलं, "पैसे नै मिलते तो मैं मनहूसइच रहती थी ना?"

यादम्मा पायरीवर मटकन बसली. पाणी पिऊन आम्ही परत आलो.

मी अजूनही त्या देवळात जाते. पूर्वी मी ज्याला शरण जाणं म्हणायचे, ते म्हणजे हात पसरणं होतं, आणि पदरात पडेल ते तिनंच दिलं असं ठरवून गाठ मारणं. आता पायाशी उभी राहते तेव्हा काही मागायला धजत नाही. एवढंच म्हणते, आई, तू मला स्वरूपाच्या दाराशी नेऊन उभी केलीस, माझं खरं तोंड मला दाखवलंस, हे तुझे उपकार. तू काय नेशील ते ने, मी हात आवळणार नाही. तिच्या कृपेवर माझा विश्वास पूर्वीपेक्षा जास्त आहे, फक्त आता तिची भीती वाटते.

यांचा डोळा चांगला आहे, चष्म्याशिवाय पेपर वाचतात. स्वरूपा अजून माहेरीच आहे.