सतरा नंबरचं मशीन

'एकदाच' मास्तरांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. प्रशिक्षण केंद्रातल्या बावीस लिनक्स संगणकांचा हा कारभारी. कुठलंही सॉफ्टवेअर कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात एकदाच उतरवायचं आणि बाकीच्यांनी तिथूनच घ्यायचं, ही त्यांची शिस्त. त्या जुन्याला ते 'रांजण' म्हणत. "घरात भरलेला रांजण असताना बाहेर कशाला हात पसरायचे?" हे ते दिवसातून चारदा ऐकवत. इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालत असल्याने त्यात खोटंही काही नव्हतं.

त्या सकाळी मात्र रांजणच दगा देऊन बसला. अकराला परिचारिकांची भरती परीक्षा होती. परीक्षेचं सॉफ्टवेअर आदल्या संध्याकाळी रांजणात उतरताना इंटरनेटची लाईन मध्येच तुटली होती आणि मास्तर खात्री न करताच कुलूप लावून गेले होते. आता दहा वाजता पहिल्या मशीनने सांगितलं, फाईल अर्धवट आहे, घेणार नाही. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्यानेही. एकाच रांजणाचं पाणी प्यायल्यावर पोटंही एकदमच बिघडणार! नव्याने उतरवावं, तर लाईन सकाळपासून ठार मेलेली.

अकराला परीक्षा सुरू झाली नाही, तर केंद्र रद्द. आणि बाहेरच्या रांगेत मास्तरांची बायको उभी होती. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी.

साडेदहाला ती खिडकीशी आली. "अहो, तोंड का उतरलंय?"

"काही नाही. तू उजळणी कर."

"माझी झाली. तुमची राहिलेली दिसते."

मास्तरांनी घाम पुसत सगळं सांगून टाकलं.

"मग सतरा नंबरवरून घ्या की."

"त्याचं नाव काढू नकोस! ते एकटंच रांजणाला न जुमानता थेट बाहेरून घेतं. महिनाभर त्याला वळण लावीन म्हणतोय, पण तू सरावाला बसलीस की उठशील तर शपथ!"

"काल दुपारी बसले होते तेव्हा त्याने विचारलं, परीक्षेचं नवीन आलंय, घेऊ का? मी म्हटलं, घे बाबा. पूर्ण झालं म्हणाला."

मास्तर खुर्चीला अडखळत सतराकडे धावले. फाईल होती. अख्खी होती. रांजणातली अर्धवट काढून ती ठेवली, आणि एकेका मशीनपाशी जाऊन ते उभे राहिले. पहिलं घेतं झालं. सातवं. चौदावं जरा रेंगाळलं, तेव्हा मास्तरांनी त्याला हात जोडले. बाविसावं लागलं तेव्हा अकराला दोन मिनिटं होती.

दार उघडलं. बायकोला सतरावी नव्हे, नववी जागा मिळाली. मास्तर तिच्या पडद्यावर वाकले. "नीट चालतंय ना? एकदा बंद करून बघू का?"

"एकदाच सांगते," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हात लावाल तर बघा."

मास्तर मागे सरले आणि सतराच्या बाजूला जाऊन उभे राहिले.