चौदावी चादर

दोन ऑगस्ट, सकाळी दहा. रक्कम चार हजार आठशे. हजर तिघे : मी, माझी बायको सुनंदा आणि शेलार गावच्या प्रज्ञाताई. ताई बसल्या नाहीत. कुणाकडेच बसत नसत. उभ्याउभ्याच त्यांनी माझ्या दुकानातल्या चादरीचा एक धागा ओढला आणि त्याला काडी लावली. धाग्याची काळी, टणक गोळी झाली.

"भाऊ, सुती असतं तर राख झाली असती. यात पॉलिस्टर हाय."

त्या आता नाशिकला असतात. आमच्याकडे होत्या तेव्हा भिवंडीतल्या छोट्या दुकानदारांच्या ऑनलाइन जाहिरातींची खाती सांभाळत. त्याआधी सहा वर्षं लूमच्या कारखान्यात कापड तपासायच्या. जाहिरातीच्या प्रत्येक शब्दावरूनही तसंच बोट फिरवत. "आधी धागा वढायचा, मग बोलायचं," हे त्यांचं पालुपद.

"शंभर टक्के सुती" या दाव्यापायी जाहिरात कंपनीने माझं खातं बंद केलं होतं. घाऊक व्यापाऱ्याने सांगितलं, मी छापलं. मग सुनंदाच्या नावाने नवं खातं उघडून त्यात हे चार हजार आठशे भरले. त्याच नावावर दसऱ्याला तिला तिच्या शिवणक्लासची जाहिरात करायची होती.

"नाव बदलून कापडातला धागा बदलतो का?" ताई म्हणाल्या. "कंपनीनं हल्ली लई कडक केलंय. फोन तोच, माल तोच. वहिनींचं नावपण जाईल. दावा काढा, रोज दोनशेनं सुरू करू."

रोज दोनशे म्हणजे चोवीस दिवस. मला धीर धरवेना. ताई गेल्यावर दुपारी जुनीच जाहिरात नव्या खात्यात टाकली. साडेपाचला खातं बंद.

सुनंदा एवढंच म्हणाली, "माझं नाव तुमच्या चादरीत गुंडाळलंत."

ताई आल्या, दारातच येरझारा घालत राहिल्या. चूक माझी, बायकोची नाही, असा फेरतपासणीचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. "आणि सुती म्हणून ज्यांना विकलीत, त्यांना फरक परत द्या. तोवर माझी फी न्हाय घेणार."

चौदा गिऱ्हाइकं, प्रत्येकी दीडशे. तेरा जणांना पोचले. चौदाव्या, शेलारच्या कुणी कमलबाई, फोनच उचलेनात.

"अर्जात चौदा लिहू का?" मी विचारलं.

"धागा वढला का?"

मी लिहिलं : तेरा दिले, एक बाकी.

मग नुसतं वाट बघणं. मी जेवता जेवता उठून फोन बघायचो. सुनंदा बघायची नाही, विचारायचीही नाही. नवव्या दिवशी खातं उघडलं. दसऱ्याची वाट न बघता पहिली जाहिरात शिवणक्लासचीच लागली, रोज दोनशेची. तरी यादीतली ती मोकळी ओळ मला बसू देईना. रिक्षा करून शेलारला गेलो, पत्ता विचारत विचारत घर गाठलं. दार प्रज्ञाताईंनी उघडलं. आत खाटेवर माझीच चादर, तिच्यावर त्यांची आई.

"आईला मीच फोन उचलू देत नव्हते," ताई म्हणाल्या.

"अहो, मग सांगायचं तरी!"

"खातं उघडल्यावरपण येता का, ते बघायचं होतं."

दीडशे रुपये कमलबाईंना दिले; त्यांनी दोनदा मोजले. फीचे पंधराशे प्रज्ञाताईंना. ते घेऊन त्या आईशेजारी, त्या चादरीवर, बसल्या.