चिमीची तपासणी

रुपरावनं उमेदीची वर्षं खाप्याला काढली. कन्हान नदीतली रेती बैलबंडीनं वाहिली. पुढं कंबर गेली तेव्हा तो मनीषनगरला आला आणि लॅब्राडोर कुत्री पाळू लागला. पिल्लू दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तो त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा उडवायचा. पिल्लानं तुकडा हेरला, की नजर पास.

राजा हा त्याचा म्हातारा नर. आधीच्या एका मादीपासून झालेलं त्याचं एक पिल्लू अरुंधतीबाईंनी नेलं होतं. ते मोठं झालं आणि दिवेलागणीला भिंतींवर आदळू लागलं. रुपरावनं स्वतः जाऊन पाहिलं. कुत्रं आंधळं होत होतं.

"काका, हा रक्तातून उतरलेला दोष," जनावरांची डॉक्टर दीप्ती म्हणाली. "आई आणि बाप, दोघांकडून मिळाला तरच डोळे जातात. राजाला दिसतं, पण दोष त्याच्या रक्तात आहे. तुमच्या चिमीत नसला तर दोघांची पिल्लं आंधळी होणार नाहीत. असला तर त्यांना एकत्र सोडू नका."

रुपरावला राजाचं एक पिल्लू घरी हवं होतं, आणि घरात मादी एकच, चिमी. तिच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा ठरला. सकाळपासून तिला उपाशी ठेवा, दुसऱ्या कुत्र्यापासून दूर ठेवा, असं दीप्तीनं बजावलं होतं.

पण वैरण टाकल्याशिवाय रुपरावनं बैलाच्या मानेवर कधी जू ठेवलं नव्हतं. नमुना द्यायला निघताना त्यानं एकाच परातीत दूध-भाकरी कुस्करली. राजानं खाल्लं, चिमीनं खाल्लं.

प्रयोगशाळेनं कळवलं, नमुन्यात दोन कुत्र्यांची लाळ आहे, पुन्हा पाठवा.

"खायला घातलं होतं?" दीप्तीनं विचारलं.

"थोडंसं. राजासंगं."

"काका!"

"उपाशी जनावर घराबाहेर कसं काढू, पोरी?"

दुसऱ्या खेपेला त्यानं दीप्तीनं सांगितलं तसं केलं. उत्तर यायच्या आत चिमी माजावर आली.

"सोडून द्या न जी," बायको गोपिका म्हणाली. "दोघाईले चांगलं दिसते. अजून काय पायजे?"

"बाईच्या कुत्र्यालेही दिसत होतं."

"राजा म्हातारा झाला. पुढल्या खेपेले त्याच्यानं होईन का?"

"नाही होईन तं नाही होईन."

त्याच दिवशी त्यानं राजाला पारशिवनीला साळ्याकडं, कवडूकडं, नेऊन बांधलं. संध्याकाळी कवडूचा फोन आला.

"भाटवे, हा जवयासारखा रुसला गा. भाकरीले तोंड लावत नाही."

"खाईन. सोडू नको त्याले."

चिमीचा माज उतरला. मग अहवाल आला. चिमीत दोष नव्हता.

"आता बिनधास्त, काका."

"आता काय? माज गेला तिचा."

"सहा-सात महिन्यांनी येईल की पुन्हा."

"हौ," रुपराव म्हणाला.

घरी गोपिकानं ऐकून घेतलं. "त्या दिवशी भाकर चारली नसती तं आतापावतो सारं झालं असतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं राजाला परत आणलं. ऑटोतून उतरताना राजाचे मागचे पाय घसरले. रुपरावनं पोटाखाली हात घालून त्याला खाली ठेवलं. चिमी धावत आली. राजानं तिला हुंगलं, शेपटी हलवली आणि उन्हात जाऊन आडवा झाला.