आईने एकच सांगितलं

त्या दुष्काळाच्या साली अनसिंगच्या बाजूला ऊन असं पडलं होतं, की उडता कावळा वरच भाजून निघे आणि खाली पडायच्या आत त्याचे चार वाटेकरी ठरत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढचं मात्र मी वाढवून सांगत नाही. तिथे वाढवायला जागाच नाही.

शाळेतून फुटाणे वाटायचं ठरलं. घरात लेकरं जितकी, तितक्या ओंजळी शाळेतल्या पोराने रोज घरी न्यायच्या. त्यासाठी मास्तर मोजणीला निघाले. मास्तरांचा आवाज असा, की त्यांनी इथे हजेरी घेतली तर वाशीमच्या कचेरीतला कारकून दचकून उभा राही. पण आमच्या गावच्या बायांपुढे त्या आवाजाचं पाणी झालं. मोजलेलं लेकरू टिकत नाही, त्याला नजर लागते, हे आमच्याकडे दुधाच्या दातांआधी शिकवत. पोरं कणगीआड, गोठ्यात, कडब्यात गडप झाली. एकीच्या तर कडेवरच पोर होतं.

"हे कोनाचं?"

"शेजारनीचं."

शेजारीण दारातूनच ओरडली, "माह्यं नाही बाप्पा! तिचंच असन!"

मोजणी संपली तेव्हा गाव वांझ निघालं आणि शाळा भुतांच्या पोरांनी भरलेली.

आमच्या घरी आम्ही तिघं. मी, मधला भाऊ आणि नुकतीच चालायला लागलेली बहीण. आमच्या आधीची दोघं देवीच्या साथीत गेली होती. त्याच्या थोडं आधी कोण्या पाहुणीने ती बोटांवर मोजली होती, हे आई विसरली नव्हती.

"माय, खरं सांग. फुटान्याचं काम हाये," मास्तर म्हणाले.

"एकच हाये. हा तुमच्या शाळेतला."

"मंग दारामांगं कोन खोकलून राह्यलं?"

"बकरी."

मास्तरांनी एक लिहिलं. तेही याच मुलखातले. स्वतःच्या घरची किती लिहिली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रोज एक ओंजळ येई. आई तिचे तीन वाटे करी, चौथा कधी नाही. बहिणीला फुटाणे चावत नसत, म्हणून आई चावून तिच्या तोंडात घाली. आषाढ कोरडा गेला. बहीण चालायची ती बसू लागली, बसायची ती निजू लागली. मग एका दुपारी आई तिला उचलून भरल्या शाळेत आली.

"मास्तर, हिले मोजा. माहीच हाये. मोठ्यानं मोजा."

मास्तरांनी चष्मा काढला. "आकडा वाशीमले गेला, माय. पोते तेवढ्याचेच येतात. आता नवी मोजनी दसऱ्यानंतर."

"मी खोटं बोलली होती. मोजा ना!"

त्यांनी पोतं झटकलं आणि तळाचा चुरा तिच्या पदरात घातला. दुसऱ्या दिवशीही घातला. तिसऱ्या दिवशी पोतं कोरडं होतं.

बहीण पोळ्याआधी गेली.

दसऱ्यानंतर मास्तर आले. आईने आम्हा दोघांना अंगणात उन्हात उभं केलं, आमच्या डोक्यावर हात ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "एक. दोन." बायांनी कानांवर हात ठेवले. मग एकेक जण घरात गेली आणि आपापली लेकरं बाहेर आणू लागली. काही घरांतून, लपवली होती तितकी निघाली नाहीत.