रातांब्याचा डाग आणि साबणाची वडी

ती घटना आठवली की आजही मला माझीच लाज वाटते, आणि त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात. नावं सांगणार नाही. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं, दिवस मे महिन्याचे.

काजूच्या बागेत एक म्हातारे बागायतदार सकाळी बेशुद्ध सापडले. आदल्या संध्याकाळी कोणीतरी डोक्यात काठी घातली होती, रक्त बरंच गेलं होतं. फिर्याद पुतण्यानं दिली. तो मुंबईहून येऊन महिनाभर काकांकडे राहिला होता. बागेतल्या गड्याचं काकांशी आठवड्यापूर्वी भांडण झालं होतं, हेही त्यानंच सांगितलं.

दुपारी आमच्या पोलीस ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "त्या गड्याची बायको विहिरीवर रक्ताचा शर्ट धुतेय," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा बाई खरंच शर्ट चोळत होती. पांढरा शर्ट, छातीवर लालभडक डाग, बाजूला कापलेलं लिंबू आणि वाटीत मीठ. आणखी काय हवं होतं? दोन पंचांसमक्ष पंचनामा केला, शर्ट जप्त केला आणि गड्याला दंडाला धरून तीन रस्ते मिळतात त्या भर तिठ्यावरून गाडीपर्यंत चालवत नेलं. दुकानांवरची माणसं उभी राहून बघत होती.

ठाण्यात चार तास त्याला उलटसुलट विचारलं. उत्तर एकच. "साहेब, रातांब्याचो रस तो. लग्नासून येताना वाटेत रातांब्यांची पोती उचललंय."

"लग्नाच्या शर्टानं कोकमांची पोती उचलतोस? शहाणाच आहेस!" मी म्हणालो. अशा गोष्टी नोकरीत पोत्यानं ऐकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयात हजर करायचं होतं. रिमांड रिपोर्ट लिहिताना बायकोलाही आरोपी करा, पुरावा नष्ट केला म्हणून, असं मी रायटरला सांगून ठेवलं.

सकाळी हजेरी आटोपली आणि ती बाई दारात उभी. हातात कापडी पिशवी. रडारड नाही, पाया पडणं नाही. ठाणे अंमलदारानं बस म्हटलं तर बसलीही नाही.

"साहेब, तुमी कधी आपले कपडे धुतलास?"

हवालदार फिस्सकन हसला. मी त्याच्यावर डोळे वटारले, पण माझे कपडे मी कधी धुतले होते? आईनं धुतले, मग बायकोनं धुतले. ठाण्यात आम्ही सातजण होतो आणि डाग कशानं निघतो हे एकालाही ठाऊक नव्हतं.

तिनं पिशवीतून दोन रातांबे, लिंबू, साबणाची वडी आणि जुन्या धोतराचा तुकडा काढला. रातांबा फोडून कापडावर पिळला. लाल डाग पडला, अगदी शर्टावरच्यासारखा. त्यावर ओला साबण चोळला आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डाग काळानिळा पडला. मग वर लिंबू पिळलं. पुन्हा लाल!

"म्हणान मी साबण लावलंय नाय," ती म्हणाली. "लिंबू नि मीठ चोळूचा, उन्हात टाकूचा, परत चोळूचा. दोन-तीन दिसांनी जाता. लिंबू लागला म्हणान तुमका तो तांबडो दिसलो."

"आणि रक्त असतं तर?"

"रगात असा निळा पडणा नाय. लावन बघा."

कोण लावणार? हवालदारानं हात मागे घेतले. शेवटी फाइलीची टाचणी मीच बोटात टोचली. रक्त कापडावर टिपलं आणि त्यावर साबण चोळला. निळं नाही, काही नाही, नुसतं पसरलं. अहो, मी थक्क झालो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात आणि ही बाई अर्ध्या वडी साबणावर निकाल देऊन उभी होती!

पंचांना परत बोलावलं. प्रयोगशाळेसाठी डागाचे तुकडे वेगळे सील केले आणि उरलेल्या एका ठिपक्याला साबण लावला. तो निळा पडला. हे माझ्या अधिकारात बसत होतं का, असं वरिष्ठांनी नंतर विचारलंच. ते मी ऐकून घेतलं.

मग सहज विचारलं, "बाई, रक्ताचा डाग कशानं जातो?"

"थंड पाणी नि मीठ. गरम पाणी घातलास की रगात शिजता, मगे मरेपर्यंत जाणा नाय." एवढं बोलताना तिला काहीतरी आठवलं. "साहेब, काल सकाळी मी बागेच्या मालकांकडे भांडी घासूक गेल्लंय. पुतण्यो परसातल्या चुलीर पँट शिजय होतो. घरात मशीन आसा आणि ह्यो पँट शिजयता! मी इचारलंय, तर म्हणालो चिखल लागलो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"माका कोणी इचारला?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. तिच्या घरचा शर्ट जप्त केला, तिच्यावर कलम लावायला निघालो, पण चार शब्द तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

तासाभरात घरझडतीत पँट मिळाली. दोन्ही गुडघ्यांवर तपकिरी डाग, पक्के बसलेले. पुतण्या म्हणाला, "चिखल आहे."

"मे महिन्यात? विहिरीनं तळ गाठलाय, तुझ्या बागेत चिखल कुठून आला?"

मग त्यानं सगळं कबूल केलं. बाग विकायला काका सही देत नव्हते. ठाण्याला फोनही त्यानंच केला होता. पुढे काका शुद्धीवर आले आणि त्यांनीही त्याचंच नाव घेतलं. पँटवरचं रक्त काकांचंच, असा अहवालही आला.

गड्याला त्याच दुपारी सोडलं. मी बाईला म्हणालो, "तुम्हाला ठाण्यातर्फे प्रशस्तिपत्र देतो." अहो-जाहो माझ्या तोंडी आपसूक आलं.

"कागद नको," ती म्हणाली. "हेंका गाडयेत घालून नेल्यात, तसेच गाडयेतसून परत आणून सोडा. तिठ्यार उतरा. जेंनी काल बघला, तेंनी आज पण बघूक व्हया."

मी टोपी घातली. तिठ्यावर गाडी थांबवली, गड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानांवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की, या माणसानं काही केलेलं नाही, चूक माझी झाली. मग त्याच्याबरोबर त्याच्या दारापर्यंत चालत गेलो. नोकरीत मी शेकडो माणसं गाडीत घालून नेली, त्यातली कितीतरी निर्दोष सुटली. कुणाला घरी पोचवायला मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो.