टाकलं असावं, असं वाटतं

रिटायर झाल्यावर माणसाकडे दोन गोष्टी साचतात: औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या इथे रिसायकलिंगवाले घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही! परदेशात मुलाकडे राहतो, त्या स्कारबरोच्या लायब्ररीत बुधवारी सकाळी ज्येष्ठांसाठी कोरियन भाषेचा वर्ग भरतो. हे तिथले.

मी त्या वर्गात का गेलो, ते आधी सांगतो. आमची सून सोरा कोरियन. तिची आई गेल्या खेपेला बेसमेंटमध्ये एक मोठी बरणी ठेवून गेली. आत आंबवत ठेवलेलं सोयाबीनचं वाटण. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरात गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर्स काढायला खाली गेलो, तर हा वास! खार मेली असणार, म्हणून शोधत शोधत बरणीपाशी पोचलो. वर पांढरी बुरशी. पस्तीस वर्षं तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं, पण आयुष्यात इतक्या तातडीने मी एकही प्रकरण निकाली काढलं नव्हतं. बरणी धुऊन, पुसून जागेवर ठेवली.

संध्याकाळी सोरा म्हणाली, "बाबा, आईचं ते बेसमेंटमधलं मे महिन्यात रेडी होईल. ती खास त्यासाठी येतेय!"

ती वर गेल्यावर आमची ही, म्हणजे नलिनी, म्हणाली, "आता तुमचं तुम्ही सांगा. आणि विहीणबाईंच्या भाषेत सांगा. सुनेला मध्ये घालायचं नाही."

*

आमच्या शिक्षिका किमबाई. एके दिवशी त्यांनी शिकवलं, की आपल्या हातून काही घडलं की नाही याची खात्री नसेल, तर शेवटी 'गॉत गाथायो' लावायचं. म्हणजे, 'केलं असावं, असं वाटतं.'

"हे नवीन लोकांना जड जातं," बाई म्हणाल्या.

मी लागोपाठ पाच वाक्यं बिनचूक म्हटली. फाईल वर पाठवली असावी, असं वाटतं. नोटीस दिली असावी, असं वाटतं...

बाई थक्क! "तुम्ही आधी कुठे शिकलात?"

"सरकारी नोकरीत!"

*

माझ्या शेजारी बलबीरजी बसतात. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"दोन पराठे."

"खाल्ले असावेत, असं वाटतं. असं म्हणा."

बलबीरजी माझ्याकडे वळले. "भाईसाब, पराठे मैंने खाये हैं. शक किस बात का?"

पुढे डॉक्टरांनी त्यांचे पराठे बंद केले. त्या बुधवारी त्यांची बायकोही वर्ग बघायला आली होती. बाईंनी तोच प्रश्न विचारला. बलबीरजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, आणि 'गॉत गाथायो' असं काही सुरेख म्हटलं, की बाईंनी टाळ्या वाजवल्या!

*

भाषेचा सराव घरीही करावा म्हणतात. बसस्टॉपवर नलिनीने विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

मी कोरियनमध्ये उत्तर दिलं.

"मराठीत सांगा!"

"केला असावा, असं वाटतं."

"म्हणजे नाही केलात!"

उणे पंधरा अंशांच्या थंडीत मी परत घरी गेलो. गॅस बंदच होता. परतलो तर बस निघाली होती. तिच्याबद्दल मात्र शंकेला जागा नव्हती, समोर जाताना दिसत होती.

*

एप्रिलमध्ये मी किमबाईंना बरणीचं सगळं सांगितलं, आणि माझं वाक्य तपासायला दिलं.

"तुम्हाला आठवत नाही का, टाकलंत की नाही ते?"

"चांगलं आठवतं."

"मग 'असं वाटतं' कशाला?"

"चौदा तास प्रवास करून येणार आहेत बिचाऱ्या. एकदम धक्का नको."

बाई म्हणाल्या, "आमची माणसंही ते यासाठीच वापरतात!"

*

मे महिन्यात विहीणबाई आल्या. कोट काढला आणि थेट बेसमेंटमध्ये! मी मागोमाग. जिन्यात नलिनी आणि सोरा.

विहीणबाईंनी बरणी उचलली. हलकी लागली तशी झाकण काढून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी घसा साफ केला आणि सगळा हिवाळा घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं: "मी टाकलं असावं, असं वाटतं."

"बाबा!" सोरा जिन्यातून ओरडली.

विहीणबाई वर गेल्या. आम्ही सगळे मागून. त्यांनी बॅग उघडली, कपड्यांच्या खालून तसल्याच वाटणाचे दोन घट्ट बांधलेले डबे काढले. एक नलिनीपुढे ठेवला. दुसरा त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी, किंचित वाकून, माझ्या हातात दिला. आणि मला समजावं म्हणून अगदी सावकाश म्हणाल्या,

"तो खायचा. हा टाकायचा."